चर्चच्या आवारातले युद्धस्मारक कसे वाचावे: इंग्लंडमधल्या खेड्यातील नावांचा माग

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या चर्चच्या आवारात शिरले, की यू वृक्षाची गर्द सावली, कललेले थडग्यांचे दगड आणि बहुधा फाटकापासून दिसेल अशा जागी दोन-तीन पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभा असलेला एक दगडी क्रूस दिसतो. त्याच्या पायथ्याशी दहा, वीस, कधी चाळीस नावे कोरलेली असतात. नोव्हेंबरमध्ये वाहिलेली लाल पॉपीची चक्रे तिथे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भिजत-वाळत पडलेली असतात. तिकडे स्थायिक झालेल्या किंवा काही महिन्यांसाठी गेलेल्या मराठी माणसाला आपल्या मुक्कामाच्या गावाची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर या दगडाइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. मात्र त्यासाठी एक क्रम पाळावा लागतो. आधी दगड वाचायचा, मग कागद आणि शेवटी गाव. बहुतेक जण फोनवर नावे शोधत सुटतात आणि तिथेच फसतात.

हे स्मारक मुळात का उभे राहिले, हे आधी समजून घ्यावे. पहिल्या महायुद्धात परदेशात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणण्यास १९१५ मध्ये बंदी घातली गेली आणि युद्ध संपल्यावरही ती उठली नाही. मुलगा फ्रान्समध्ये, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत किंवा मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पुरलेला, किंवा सापडलेलाच नाही, अशा घरांना फुले वाहायला गावात जागा नव्हती. ती जागा गावांनी स्वतः उभी केली. सरकारने या स्मारकांसाठी पैसा दिला नाही. गावात समिती नेमली गेली, वर्गणी जमली आणि क्रूस उभारायचा की सभागृह बांधायचे, तो चर्चच्या आवारात असावा की चौकात, कोणाचे नाव घालायचे आणि कोणाचे नाही, यावर वाद झाले. मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट कुटुंबांना अँग्लिकन चर्चच्या आवारातली जागा पुष्कळदा रुचत नसे. म्हणून दगडावरची प्रत्येक ओळ कोणत्या तरी बैठकीत झालेला निर्णय आहे असे समजून ती वाचावी. सरकारी यादी म्हणून ती वाचली, तर पुढचे सगळे हिशेब चुकतात.

दगडासमोर

ऊन तिरपे असेल अशी वेळ निवडावी. भर दुपारी किंवा ढगाळ दिवशी कोरलेली अक्षरे सपाट होऊन दगडात मिसळून जातात, तर सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात प्रत्येक खाचेच्या एका कडेला सावली पडते आणि तेच अक्षर डोळ्यांत भरते. उत्तरेकडच्या बाजूवर ऊन बहुधा येतच नाही. तिथे संध्याकाळी विजेरी घेऊन जावे आणि ती दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश टाकावा. अक्षरांत खडू भरू नये, कागद ठेवून पेन्सिल घासू नये, नखाने किंवा चावीने शेवाळ खरवडू नये. दगडावर जे राखाडी-पिवळे चट्टे दिसतात ते लायकेनचे, म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातले. ते काढताना त्याच्याबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो.

प्रथम संपूर्ण स्मारकाचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, मग प्रत्येक फलकाचे आणि शेवटी प्रत्येक नावाचे. त्यानंतर वहीत जसेच्या तसे उतरवून काढावे. आद्याक्षरे, टिंबे, ओळ कुठे मोडली आहे हे सर्व त्यात यावे. स्पेलिंग चुकलेले वाटले तरी सुधारू नये, कारण कधी चूक कारकुनाची असते, कधी कोरणाऱ्याची आणि कधी आपलीच.

आता साल पाहावे. काही स्मारकांवर १९१४–१९१८ असते, तर काहींवर १९१४–१९१९. दुसरे वाचून नवखा माणूस चूक झाली असे समजतो. ती चूक नव्हे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी फक्त युद्धविराम झाला होता आणि व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला, त्यामुळे युद्ध कधी संपले हे प्रत्येक गावाने आपापल्या समजुतीने ठरवले.

नावांचा क्रमही बोलका असतो. हुद्दे न लिहिता वर्णानुक्रमाने नावे लावली असतील, तर जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या तबेल्यात काम करणारा पोरगा यांना दगडावर एकाच मापाने मोजायचे असे त्या गावाने ठरवले होते. वर कॅप्टन आणि खाली प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई, अशी उतरंड असेल, तर ठरवले नव्हते. मृत्यूच्या तारखेनुसार क्रम असेल, तर माग काढणाऱ्याचे अर्धे काम आधीच झालेले असते. हुद्दा दिला असेल तर त्यावरून सैन्याची शाखा कळते. गनर किंवा ड्रायव्हर म्हणजे बहुधा तोफखाना, सॅपर म्हणजे रॉयल इंजिनिअर्स (पुण्याच्या वाचकाला हा शब्द खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे ओळखीचा आहे), तर स्टोकर म्हणजे आरमारी जहाजाच्या भट्टीवरचा माणूस.

यानंतर दगडाच्या अगदी जवळ जावे. एका स्मारकावर शेवटून दुसऱ्या नावाची अक्षरे बाकीच्यांपेक्षा किंचित अरुंद आणि कडा जरा जास्त धारदार दिसल्या. दोन ओळींमधली जागाही तिथे कमी होती. ते नाव नंतर घातलेले होते. त्या माणसाचा मृत्यू जखमांमुळे घरी, युद्धानंतर झाला होता आणि स्मारक तोवर कोरून झालेले होते. शिशाची अक्षरे बसवलेल्या फलकावर वेगळेच कोडे असते. पाथरवट आधी दगडात बारीक छिद्रे पाडतो आणि शिसे त्यांत ठोकून बसवतो. अक्षर गळून पडले तरी छिद्रे राहतात आणि त्यांच्या मांडणीवरून हरवलेले अक्षर कोणते ते बहुतेक वेळा ओळखता येते.

क्रुसापाशी थांबू नये

दगड वाचून झाला की चर्चमध्ये जावे. दार उघडे असल्यास आत जायला कोणाची हरकत नसते, पण आतली छायाचित्रे घेण्यापूर्वी चर्चवॉर्डनला, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्याला, विचारावे. आत भिंतीवर पितळी फलक, चौकटीत लावलेली हस्तलिखित यादी किंवा एखाद्या कुटुंबाने मुलाच्या आठवणीत दिलेली रंगीत काचेची खिडकी असू शकते. आतली यादी आणि बाहेरची यादी पुष्कळदा जुळत नाही, आणि जिथे जुळत नाही तिथेच गोष्ट दडलेली असते. गावात मेथडिस्ट चॅपेल, शाळा किंवा क्रिकेट क्लब असेल, तर तिथेही वेगळे फलक सापडतात आणि एकच माणूस तीन ठिकाणी भेटतो.

आवारात परतल्यावर थडग्यांमध्ये ८१ सेंटिमीटर उंचीचा, वरून किंचित गोलाई असलेला, पलटणीचे चिन्ह कोरलेला एकसारखा पांढरा दगड दिसतो का ते पाहावे. तो कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा दगड. फाटकावर त्यांची लहानशी हिरवी पाटी असली तर सैनिकाची कबर आवारात कुठेतरी आहेच. हे सैनिक ब्रिटनमधल्या रुग्णालयात, सरावात किंवा १९१८–१९ च्या इन्फ्लुएन्झात मेलेले असतात, म्हणूनच त्यांना गावात परत येता आले. दगडाच्या तळाशी कुटुंबाने निवडलेली एखादी ओळ असते. तिला ६६ अक्षरांची मर्यादा होती आणि सुरुवातीला दर अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारले जात, पुढे ते ऐच्छिक झाले. मजुराच्या घरी ही ओळ कशी ठरली असेल याचा विचार दगडासमोर उभे राहिल्यावरच सुचतो.

नावापासून माणसापर्यंत

आता कमिशनच्या संकेतस्थळावर जावे. ही संस्था २१ मे १९१७ च्या सनदेने इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून स्थापन झाली आणि १९६० मध्ये तिचे नाव बदलले. तिची नोंदसूची मोफत आहे. पहिल्या महायुद्धासाठी ती ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू धरते. आडनाव आणि आद्याक्षर टाकले, की साध्या नावासाठी शेकडो नोंदी येतात. अशा वेळी अतिरिक्त माहितीच्या रकान्यात गावाचे नाव टाकून शोधावे. आईवडिलांची नावे आणि पत्ता तिथे असतात, पण सर्वांचे नाहीत. कुटुंबाने युद्धानंतर आलेला फॉर्म भरून पाठवला असेल तरच ती माहिती नोंदीत उतरली आहे.

माझी स्वतःची पहिली चूक याच ठिकाणी झाली. जे. व्हाइट नावाचा माणूस मला त्याच परगण्याच्या (काउंटीच्या) पलटणीत सापडला, तारीखही पटण्यासारखी होती आणि मी तीन आठवडे त्याच्या मागे घालवले. पुढे १९११ ची जनगणना पाहिली, तेव्हा तो वीस मैलांवरच्या दुसऱ्याच गावचा निघाला आणि आमच्या गावातला जे. व्हाइट तोफखान्यात होता. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. नावाखेरीज आणखी दोन स्वतंत्र धागे, उदाहरणार्थ आईवडिलांचे नाव आणि पत्ता, किंवा जन्मस्थळ आणि वय, जुळल्याशिवाय ओळख पक्की मानायची नाही. पलटण परगण्याची आहे हा पुरावा होत नाही. जानेवारी १९१६ च्या कायद्याने सक्तीची भरती आली आणि त्यानंतर माणसे जिथे तुटवडा असेल तिथे पाठवली गेली.

कबरीऐवजी मोठ्या स्मारकाचे नाव आले, तर त्याचा अर्थ देह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही. तेही वाचता येते. थीपवाल म्हणजे फ्रान्समधली सोमची रणभूमी, आणि तिथे ७२ हजारांहून अधिक नावे आहेत. बेल्जियममधल्या ईप्रचे मेनिन गेट म्हणजे साधारणपणे १५ ऑगस्ट १९१७ पर्यंतचे बेपत्ता ब्रिटिश सैनिक, आणि त्यानंतरचे टाइन कॉटच्या भिंतीवर. गॅलिपोलीसाठी हेलेस, मेसोपोटेमियासाठी बसरा. १ जुलै १९१६ ही सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवसाची तारीख आली तर थोडे थांबावे. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मेले आणि काही गावांच्या दगडावरची दोन-तीन नावे त्याच सकाळची आहेत.

नाव दगडावर आहे म्हणून मृत्यू लढाईतच झाला असे मात्र धरू नये. केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टरच्या चर्चच्या आवारातल्या क्रुसावर कवी रूपर्ट ब्रूक याचे नाव आहे. तो गॅलिपोलीकडे जात असताना रक्तात जंतुसंसर्ग पसरून २३ एप्रिल १९१५ रोजी एका फ्रेंच रुग्णालय-जहाजावर मेला आणि ग्रीसच्या स्कायरॉस बेटावर पुरला गेला. त्याच्यासारखे आजाराने गेलेले शिपाई जवळजवळ प्रत्येक गावच्या दगडावर असतात. फरक इतकाच, की त्यांच्या हकिकती कोणी छापल्या नाहीत.

कागद

सैनिकाची सेवापुस्तिका सहज मिळेल अशी अपेक्षा धरू नये. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात युद्धखात्याचे गोदाम जळाले आणि पहिल्या महायुद्धातील साध्या शिपायांचे सुमारे ६० टक्के कागद नष्ट झाले. जे उरले ते कडेने जळलेले आणि पाण्याने फुगलेले आहेत. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये त्यांच्या प्रती पाहता येतात. पुस्तिका नसेल तर पदकांचे कार्ड बहुधा सापडते. त्यावर सेवाक्रमांक, पलटण आणि कधी कधी परदेशातल्या आघाडीवर पोचल्याची तारीख असते. सेवाक्रमांक एकदा हाती आला की पुढचे काम सोपे होते, पण १९१७ मध्ये टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवकांच्या, पलटणींचे क्रमांक बदलून नवे दिले गेले हे विसरू नये, नाहीतर एकाच माणसाचे दोन होतात.

फारसा कोणाच्या लक्षात न येणारा एक कागद म्हणजे १९१८ ची गैरहजर मतदारांची यादी. त्या वर्षी सैन्यातल्या माणसांना घरच्या पत्त्यावर मत देता यावे म्हणून ती तयार झाली आणि तिच्यात घर, नाव, पलटण आणि सेवाक्रमांक एका ओळीत असतात. ज्यांचा मृत्यू त्याआधी झाला ते तिच्यात नाहीत, परंतु १९१८ च्या उत्तरार्धात गेलेल्यांसाठी आणि जिवंत परतलेल्या भावांसाठी तिच्यासारखा दुसरा कागद नाही. ती परगण्याच्या अभिलेखागारात मिळते. तिथेच शाळेची रोजनिशी, पॅरिशचे मासिक आणि नशीब असेल तर स्मारक समितीच्या बैठकींची वही मिळते. ही वही मिळाली तर बाकी सर्व बाजूला ठेवून ती वाचावी. कोणी किती शिलिंग दिले, कोणाच्या आईने नाव घालायला नकार दिला, दगड कुठून आणला, हे सगळे तिच्यात असते.

शेवटी पलटणीची युद्धदैनंदिनी वाचावी. साध्या शिपायाचे नाव तिच्यात क्वचितच येते. त्या दिवशी पलटण कुठे होती, हल्ल्यात होती की खंदकात पाणी उपसत होती, एवढे तिच्यातून कळते.

हात लावण्याआधी

नावे वाचून झाल्यावर स्मारक स्वच्छ करावे असे मनापासून वाटते. वाटू द्यावे, पण करू नये. तारेचा ब्रश, ब्लीच आणि पाण्याचा जोरदार फवारा यांनी शंभर वर्षांत झाले नाही एवढे नुकसान एका दुपारी होते. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात दगडाला हात लावायचा, नाव वाढवायचे किंवा अक्षरे पुन्हा कोरायची, तर धर्मप्रांताची परवानगी लागते. तिला फॅकल्टी म्हणतात आणि तिचा कॉलेजशी काही संबंध नाही. अर्ज चर्चवॉर्डनमार्फत करावा आणि त्याआधी वॉर मेमोरियल्स ट्रस्टचा सल्ला घ्यावा. १९९७ पासून काम करणारी ही संस्था दुरुस्तीसाठी अनुदानाचीही माहिती देते. राहून गेलेले नाव घालायचे असेल, तर मृत्यूचा पुरावा आणि त्या माणसाचा गावाशी संबंध दाखवणारा पुरावा असे दोन्ही जोडावे लागतात. माझ्या मते, समितीने नाव मुद्दाम वगळले होते की नजरचुकीने, हे आधी शोधावे. कुटुंबाची इच्छा नसेल तर शंभर वर्षांनी आपण ती मोडू नये.

धागा भारतात आला तर

डॉर्सेट, नॉर्फोक किंवा ऑक्सफर्डशायरमधल्या खेड्यात हे काम करत असाल, तर यादीतले एखादे नाव तुम्हाला थेट महाराष्ट्रात आणून सोडण्याची शक्यता बरीच आहे. १९१४ मध्ये मेसोपोटेमियात उतरलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमधली डॉर्सेटची दुसरी पलटण पुण्याच्या ब्रिगेडमध्ये होती, ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायरची पहिली पलटण अहमदनगरच्या आणि नॉर्फोकची दुसरी पलटण बेळगावच्या. त्यांच्याच ब्रिगेडमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. हे सगळे डिसेंबर १९१५ मध्ये कूट इथे तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. कैदेत गेलेल्या ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक परतले नाहीत. त्यामुळे दगडावरच्या नावापुढे १९१६ चा उन्हाळा आणि बसरा स्मारक दिसले, तर हा माणूस सातारा किंवा रत्नागिरीच्या शिपायाशेजारी उपाशी बसलेला असू शकतो, हे लक्षात घेऊन पुढचा शोध घ्यावा.

बसऱ्याच्या स्मारकावर मात्र ते शेजारी सारखे नाहीत. डॉर्सेटच्या शिपायाचे नाव तिथे कोरले आहे, तर भारतीय पलटणींच्या साध्या शिपायांची फक्त संख्या. हा भेदभाव कमिशनने २०२१ मधल्या आपल्या अहवालात मान्य केला आणि त्याबद्दल माफी मागितली. आपल्याकडच्या खेड्यांत इंग्रज सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवरही हेच दिसते. या गावातून इतके जण महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा आकडा असतो, नाव नसते. इंग्लंडमधला क्रूस आणि आपल्याकडची पाटी एकाच युद्धाची आहेत, आणि दोन्ही एकापाठोपाठ पाहिली की नावे कोरायला स्वतःची समिती असण्याचे महत्त्व कळते.

दुसरा धागा खडकीला येतो. ऑक्टोबर १९१४ मध्ये वेसेक्स डिव्हिजनच्या टेरिटोरियल पलटणी साउदॅम्प्टनहून भारतात छावण्या सांभाळायला पाठवल्या गेल्या. सॉमरसेट, डेव्हन, हॅम्पशायर आणि डॉर्सेटमधली शेतमजुरांची, दुकानदारांची पोरे अशा रीतीने इथे आली आणि काही जण उष्माघाताने किंवा कॉलऱ्याने इथेच गेले. ज्यांच्या कबरी भारत आणि पाकिस्तानमधल्या जुन्या छावणी-दफनभूमींत आता जपता येत नाहीत, अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावे खडकीच्या वॉर सिमेट्रीतल्या किरकी १९१४–१९१८ स्मारकावर आहेत. कमिशनच्या नोंदीत किरकी हे नाव आले, तर त्या इंग्रज खेड्यातल्या कोणीही तो फलक पाहिलेला नसण्याचीच शक्यता जास्त. पुण्यातल्या नातेवाइकाला सांगून तिथले छायाचित्र मागवावे आणि ते चर्चवॉर्डनच्या हाती द्यावे. खडकीला जाणाऱ्याला नाव, सेवाक्रमांक आणि फलकाचा क्रमांक कागदावर लिहून द्यावा, सकाळच्या तिरप्या उन्हात जायला सांगावे, आणि छायाचित्रात वरच्या-खालच्या चार ओळीही घ्यायला सांगाव्यात, कारण नावे पलटणीनुसार लावलेली असतात आणि त्याच्याबरोबर आगबोटीने आलेला शेजारच्या गावचा दुसरा कोणी त्या ओळींत सापडतो.